सोय मागायची कुणी?

तीन तासांचा पेपर असेल, तर लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला चार तास मिळायला हवेत. ताशी किमान २० मिनिटं जादा, हा हिशेब केंद्र सरकारने २०१३ साली घालून दिला आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही तो कायम राहिला. परीक्षा घेणारी संस्था लेखनिकांची यादी तयार ठेवू शकते. तिने लेखनिक दिला तर उमेदवाराला त्याला दोन दिवस आधी भेटू द्यायचं, असंही त्यात आहे. कागदावर सगळं चोख आहे. आता तालुक्याच्या गावी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एखादी दृष्टिहीन मुलगी डोळ्यांपुढे आणा.

‘रायटर’ तिचा तिलाच शोधावा लागतो. नियमाप्रमाणे तो तिच्यापेक्षा कमी शिकलेला हवा. त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत नको, घरच्यांची हरकत नको, अक्षर वाचता येण्यासारखं हवं आणि पेपर मराठीतून असेल तर जोडाक्षरं लिहिताना त्याचा हात अडखळायला नको. सगळ्या पेपरांना एकच जण मिळाला तर नशीब. मग त्याचं ओळखपत्र, फोटो, त्याच्या कॉलेजचं पत्र, हिच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्याची प्रत, प्राचार्यांची सही, परीक्षा विभागाची मंजुरी. हे दर सत्राला नव्याने करायचं, जणू गेल्या सहा महिन्यांत तिला दिसू लागलं असावं. एवढं करून आदल्या रात्री फोन येतो, ‘ताई, उद्याचं नाही जमणार, आजीला ॲडमिट केलंय.’ त्या रात्री मैत्रिणी उजळणी करत असतात आणि ही एकेकाला फोन लावत बसते.

पेपरच्या दिवशी तिला कडेची खोली मिळते. बऱ्याचदा ती भूगोलाची प्रयोगशाळा असते, नाहीतर मोडकी बाकं ठेवायची जागा. अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि रायटरने अर्थशास्त्र कधी वाचलेलं नाही. ती सांगते, ‘उभी रेघ ओढ, तिच्यावर किंमत लिही. आता आडवी ओढ, तिथे नगसंख्या. डावीकडून वरून खाली उतरत येणारी रेघ काढ.’ प्रत्येक शब्द आधी मनात जुळवायचा, मग बोलायचा, मग समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबायचं, आणि थांबताना पुढचा मुद्दा निसटू द्यायचा नाही. तीन तास संपल्याची घंटा होते. बाहेर व्हरांड्यात गलका उसळतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात आणि शिपाई किल्ल्या हातात घेऊन दारात उभा राहतो. ‘मॅडम, अजून किती वेळ?’ त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची बस असते. पर्यवेक्षकही घड्याळाकडे बघू लागतात. ती शेवटचा प्रश्न आटोपता घेते. महाविद्यालयाच्या नोंदीत मात्र तिला पूर्ण चार तास दिलेले असतात.

माझं म्हणणं या प्रसंगापाशी सुरू होतं. या मुलीला जो ताण आला, तो तिच्या अंधत्वाने दिलेला नाही. अंधत्वाची तिला जन्मापासून सवय आहे. तो ताण व्यवस्थेने दिला, आणि व्यवस्था तो देते कारण सोय मिळवण्याचं सगळं काम तिने विद्यार्थ्यावर ढकललेलं आहे. अर्ज त्याने करायचा, पुरावा त्याने आणायचा, आठवण त्याने करून द्यायची, नियमांची प्रत खिशात त्यानेच ठेवायची आणि अखेर कुणाला वाईट वाटू नये याचीही काळजी त्यानेच घ्यायची. ही नोकरी त्याला अभ्यासाच्या जोडीला करावी लागते. मग तो थकला, चिडला, वर्गातून दिसेनासा झाला, की आपण त्याला समुपदेशकाकडे पाठवतो.

समुपदेशनाला माझा विरोध नाही, ते हवंच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये, विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं. ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीतूनही बोलता येतं. हे सगळं मोलाचं आहे. पण समुपदेशकाच्या हातात काय असतं? तो ऐकून घेतो, धीर देतो, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. पेपरची वेळ बदलण्याचा, तोंडी परीक्षेऐवजी लेखी परीक्षा घेण्याचा, हजेरीची अट शिथिल करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो परीक्षा विभागाकडे असतो, आणि त्या दोन खोल्यांचं एकमेकींशी बोलणंच नसतं.

ते बोलणं नसलं की काय होतं, हे ब्रिटनमधल्या एका खटल्यातून लख्ख दिसलं. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती होती. साधा संकोच म्हणावा अशी ही गोष्ट नव्हती, तो निदान झालेला आजार होता. प्रत्येक प्रयोगानंतर शिक्षकांसमोर मुलाखत द्यायची आणि तिला गुण, अशी त्या अभ्यासक्रमाची पद्धत होती. ती मुलाखतींना जाईना, गेली तर बोलेना, गुण घसरत गेले. विभागातल्या लोकांना तिची अवस्था माहीत होती. एप्रिल २०१८ मध्ये, ज्या दिवशी मोठ्या सभागृहात सादरीकरणाला उभं राहायचं होतं, त्याच दिवशी तिने जीव दिला. आई-वडील न्यायालयात गेले. २०२२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाला समानता कायद्याखाली जबाबदार धरलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने विद्यापीठाचं अपील फेटाळलं.

या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या प्रत्येक प्राध्यापकाने वाचाव्यात असं मला फार वाटतं. विद्यापीठाचं म्हणणं होतं की तोंडी परीक्षा हा अभ्यासक्रमाचा गाभाच आहे, तो कसा बदलणार? न्यायालयाने विचारलं, तुम्ही तपासत काय होता? प्रयोग समजला की नाही, हे. मुलाखत हा ते तपासण्याचा एक मार्ग होता आणि दुसरे मार्ग होते. दुसरी गोष्ट कागदाची. तिने रीतसर अर्ज केला नाही, वैद्यकीय पुरावा वेळेत दिला नाही, ही सबब चालली नाही. जे शिक्षकांना डोळ्यांनी दिसत होतं, त्याला वेगळा कागद कशाला हवा? आज मराठी घरांतली कितीतरी मुलं एम.एस्सी.साठी ब्रिटनला जातात. तिथे जाऊन ती विद्यापीठाच्या अपंग-सेवा विभागात नाव नोंदवतात आणि इथे ज्यासाठी वर्षं घालवली ते तिथे काही आठवड्यांत मिळालं म्हणून चकित होतात. पण नाव नोंदवलं नाही तर तिथेही विद्यार्थी फटीतून खाली पडतो, हे ब्रिस्टलने दाखवलं. यंत्रणा उभी असणं आणि ती माणसापर्यंत चालत जाणं यांत फरक आहे.

‘काय तपासत होता?’ हा प्रश्न मला या सगळ्या वादाची किल्ली वाटतो. स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा असतो: जादा वेळ दिला, तर बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का? आक्षेप घेणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवं. अर्थशास्त्राची परीक्षा हाताचा वेग मोजण्यासाठी नसते. ज्याची बोटं वळत नाहीत, ज्याला अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याला तीनच तास दिले तर आपण त्याचं अर्थशास्त्र मोजतच नाही, त्याचा आजार मोजतो आणि गुणपत्रिकेवर विषयाचं नाव लिहितो. जिथे वेग किंवा हाताची हालचाल हेच कौशल्य आहे, तिथे प्रश्न अवघड होतो हे मान्य करायला हवं. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सगळ्याच सोयी देता येणार नाहीत. पण तिथेही आधी माणूस काय करू शकतो ते बघायचं असतं.

वैद्यकीय प्रवेशात हे किती काळ बघितलंच जात नव्हतं, ते ऑक्टोबर २०२४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून कळलं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या त्या प्रकरणातल्या विद्यार्थ्याला वाचादोष होता, दाखल्यावर ४४-४५ टक्के. नियम असा होता की त्या प्रकारात ४० टक्क्यांच्या आत असाल तर राखीव जागा नाही आणि ४० किंवा त्याहून जास्त असाल तर एम.बी.बी.एस.ला प्रवेशच नाही. म्हणजे जागा राखीव, पण तिथे बसू शकेल असा माणूसच नाही. नुसत्या टक्क्यांवरून कुणालाही अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे मंडळाने तपासलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं आणि त्या विद्यार्थ्याचा प्रवेश कायम झाला.

टक्क्यांचं हे वेड आपल्या कार्यालयांत खोल मुरलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. आधी नसलेले अध्ययन-अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया नव्यात आले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवायच्या, वयाची अट पाच वर्षांनी शिथिल करायची, ही तरतूद ४० टक्के आणि त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. एकेकाच्या गरजेप्रमाणे द्यायची ‘वाजवी सोय’ मात्र ४० टक्क्यांची अट न घालता मिळायला हवी. हे कायद्यात स्पष्ट असूनही लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘विकास कुमार’ निकालात ते समजावून सांगावं लागलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं आणखी एक प्रकरण होतं. लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला ‘नीट’ परीक्षेत हक्काचा एक तास मिळाला नाही. केंद्रावरच्या लोकांना नियम ठाऊक नव्हता, त्यांनी वेळ होताच तिची उत्तरपत्रिका काढून घेतली. केंद्रांवरच्या माणसांना प्रशिक्षण द्या, असं न्यायालयाने बजावलं. तिचा तो तास मात्र गेला तो गेला. पुनर्परीक्षा मिळाली नाही.

न दिसणाऱ्या आजारांचं दुखणं तर वेगळंच. विदर्भातून किंवा नंदुरबारमधून शहरात शिकायला आलेला सिकलसेलचा रुग्ण घ्या. महिन्यातले बरेच दिवस तो चारचौघांसारखा असतो, क्रिकेटही खेळतो. मग थंडीत, प्रवासात, पाणी कमी पडलं की सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात आणि आठवडाभर दवाखान्यात काढावा लागतो. परत आल्यावर हजेरीचा तक्ता समोर येतो: ७५ टक्के भरत नाहीत. ‘काल तर ठणठणीत होतास!’ हे वाक्य तो किती वेळा ऐकत असेल. नैराश्याचं, अतिचिंतेचं, अपस्माराचं तेच. शिवाय दाखला काढायला घरचेच तयार नसतात. मुलीच्या नावावर मानसिक आजाराचा कागद असला तर लग्नाच्या वेळी निघेल, ही भीती सुशिक्षित घरांतही आहे. म्हणजे सोय हवी असेल तर कागद हवा आणि कागद काढला तर आयुष्यभराचा शिक्का. अशा मुलांना ‘आधी दाखला आण’ म्हणणं म्हणजे ‘नको मागूस’ म्हणणं.

त्यातच २०२४ च्या जुलैमध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यांवरून गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी रद्द केली. खोटे दाखले निघतात, हे खरं आहे, आणि काढणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. पण त्यानंतरच्या चर्चांत खऱ्या दिव्यांग मुलांकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, ती नजर मला फार लागली. राखीव जागेचा, नोकरीचा खोटा दाखला ही एक गोष्ट. वर्गात पुढच्या बाकावर बसू द्या, फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचा, पेपर मोठ्या अक्षरांत छापा, या मागण्यांसाठी कोण बनावट कागद करणार? संशयाची किंमत दोन्ही ठिकाणी सारखी लावली, की चोर सुटतो आणि ज्याला चालता येत नाही तो पडताळणीसाठी पुन्हा जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. तपासणी एकदा, नीट, प्रवेशाच्या वेळी करा, आणि नंतर त्या विद्यार्थ्याला पदवी मिळेपर्यंत तो प्रश्न पुन्हा विचारू नका.

वाजवी सोयीच्याही आधीची एक पायरी आहे, आणि ती आपण नेहमी चुकवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘राजीव रतुरी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती नेमकी मांडली. सुगम्यता आधीच असायला हवी, कुणी मागायच्या आत, सगळ्यांसाठी. वाजवी सोय ही त्याउप्पर, एकेकाच्या गरजेप्रमाणे. सुगम्यता नसली की प्रत्येक लहानसहान गोष्ट मागावी लागते.

मराठीतून शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अगदी जवळून बघता येतं. एनव्हीडीए हा संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून द्यायला परवानगी देतो. मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. म्हणजे यंत्र आहे, कायदा आहे. आणि सर ज्या नोट्स व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्या असतात पुस्तकाच्या पानांचे फोटो. यंत्राला त्यात अक्षर दिसतच नाही, ते गप्प राहतं. टाइप केलेल्या नोट्स असल्या तर जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नाहीत. डोळ्यांना तिथे स्वच्छ देवनागरी दिसते, पण यंत्र वाचतं ती अर्थहीन रोमन अक्षरांची आणि चिन्हांची माळ. ज्ञानेश्वरांवरचं टिपण कानांवर पडावं म्हणून बसलेल्या मुलाच्या कानांवर ‘सेमीकोलन, के, डॉलर’ पडतं. इथे पैसा लागत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, एवढं एक परिपत्रक लागतं, आणि ते पाळलं जातं की नाही हे बघणारा माणूस. त्याचा फायदा सगळ्यांना होतो, कारण तोच मजकूर मोबाइलवर शोधता येतो.

हे होऊ शकतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र चालतं. स्वतः दृष्टिहीन असलेल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने, सॅम तारापोरवाला यांनी, ते वाढवलं. बांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. पण नांदेडच्या किंवा चिपळूणच्या मुलाने झेवियर्समध्ये जावं, हे काही उत्तर होत नाही.

देशाच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात एकूण विद्यार्थी होते सुमारे ४ कोटी ३३ लाख आणि त्यांत दिव्यांग ९० हजारांच्या आत. हजारात दोन. २०११ च्या जनगणनेत, जुन्या अपुऱ्या व्याख्येनेही, लोकसंख्येत दिव्यांग हजारी बावीस होते. बाकीचे गेले कुठे? काही शाळेतच गळले. काही महाविद्यालयात आहेत, पण त्यांनी रकान्यात खूण केलेली नाही, कारण खूण केल्याने काय मिळतं ते त्यांनी मोठ्या भावंडांच्या वाट्याला आलेलं पाहिलं आहे. ‘आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत, मग एवढी यंत्रणा कशाला?’ असं जे प्राचार्य विचारतात, त्यांनी हा उलटा क्रम लक्षात घ्यावा. जिना चढून जावं लागणाऱ्या वाचनालयात चाकाची खुर्ची कधीच दिसणार नाही.

बाहेरचं जग सोय देणार नाही, तेव्हा मुलांना आत्ताच सवय होऊ द्या, हाही एक युक्तिवाद. तो मला मुळातच कठोर वाटतो. कायदा नोकरीतही लागू आहे, आणि बाहेरचं जग घडवणारी माणसं आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात. आज शेजारच्या बाकावरची मुलगी चार तास लिहिते हे ज्याने सहज स्वीकारलं, तो उद्या कुणाचा तरी साहेब होणार आहे.

मग करायचं काय? प्रवेश-अर्जात जातीच्या, उत्पन्नाच्या रकान्यांच्या जोडीला एक रकाना असावा: शिकताना आणि परीक्षेला तुम्हाला काय लागेल? निदान काय आहे ते नको, काय लागेल ते विचारा. त्यावरून एका नेमलेल्या माणसाने जुलैतच विद्यार्थ्याशी बोलून कागद तयार करावा आणि परीक्षा विभाग, वर्गशिक्षक, वसतिगृह, समुपदेशक या सगळ्यांकडे जेवढं ज्याला लागेल तेवढंच पाठवावं. लेखनिकांची यादी विद्यापीठाने ठेवावी, त्यांना मानधन द्यावं, रात्री कुणी आजारी पडलं तर दुसरा पाठवणं ही विद्यापीठाची डोकेदुखी असावी. चार तासांच्या पेपरसाठी शिपायाची आणि पर्यवेक्षकाची ड्यूटी पहिल्यापासून चार तासांचीच लावावी आणि त्या जादा तासाचे पैसे त्यांना द्यावेत. आणि समुपदेशकाला एक अधिकार असावा: ‘या विद्यार्थ्याला या सत्रापुरती अशी सोय द्या’ असं त्याने लिहिलं, तर परीक्षा विभागाने ते मानावं, नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं.

नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही वातावरणाचा मुद्दा आहे. रॅम्प, स्वच्छतागृह, फलक, सहायक सॉफ्टवेअर, लेखनिक. महाविद्यालयं त्यासाठी जिओटॅग केलेले फोटो जोडतात. रॅम्पचा फोटो निघतो, त्यावर कुणी दुचाकी लावली नसेल अशी वेळ साधून. फोटोऐवजी नॅकच्या समितीने परीक्षा विभागाचं रजिस्टर मागवावं. गेल्या तीन वर्षांत किती जणांनी सोय मागितली, किती जणांना मिळाली, अर्जानंतर किती दिवसांनी मिळाली, पेपर सुरू झाला केव्हा आणि उत्तरपत्रिका प्रत्यक्ष किती वाजता घेतली, आणि पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षाचं हॉल तिकीट किती जणांनी नेलं. आणि ज्यांनी नेलं नाही, त्यांच्या घरी कुणी एक फोन केला होता का, हेही त्याच रजिस्टरात लिहिलेलं असावं.